हिमरू

हिमरू हे सुती व रेशमी धाग्यांच्या एकत्रित विणीतून तयार होणारे नक्षीदार वस्त्र आहे. महाराष्ट्रातील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे त्याचे प्रसिद्ध केंद्र असून बाजारात ते आजही 'औरंगाबादी हिमरू' या नावाने ओळखले जाते. शेरवानी, जाकीट व शाल यांखेरीज पडदे, पलंगपोस, उशांचे अभ्रे, लोड-तक्क्यांची आच्छादने अशा गृहवस्त्रांसाठीही त्याचा उपयोग होतो. हिमरूच्या दर्शनी बाजूवर नक्षी दिसते. ती घडवणारे धागे मात्र पाठीमागे सुटे राहतात. कापडाची ऊब, वजन, मऊपणा आणि नाजूकपणा ही सर्व वैशिष्ट्ये मुख्यतः या पाठीवरील धाग्यांमुळे येतात. त्यामुळे हिमरूची पारख, घरातील त्याची जागा आणि त्याची निगा या तिन्ही बाबतींत दर्शनी बाजूइतकीच पाठीची बाजू महत्त्वाची ठरते.

नाव

'हिमरू' हा शब्द फारसीतील 'हम' (समान) व 'रू' (चेहरा, रूप) या शब्दांपासून आला, अशी व्युत्पत्ती सामान्यतः दिली जाते. 'सारख्या रूपाचे' असा त्याचा अर्थ होतो. हे साम्य किमखाबाशी आहे. किमखाब हे सोन्या-चांदीच्या जरीने विणलेले अतिशय महाग वस्त्र होते. त्याच्यासारखी भरगच्च नक्षी, परंतु जरीऐवजी रेशमाने आणि रेशमी भूमीऐवजी सुती भूमीवर विणलेले वस्त्र म्हणून हिमरू प्रचारात आले.

इतिहास

मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीहून राजधानी देवगिरीस हलवली व त्या नगरास दौलताबाद हे नाव दिले. त्या वेळी उत्तरेकडून आलेल्या कारागिरांबरोबर ही वीण या भागात आली, अशी परंपरा सांगितली जाते. दौलताबादपासून जवळच असलेल्या खडकी या ठिकाणी मलिक अंबरने १६१० मध्ये नगर वसवले. पुढे दख्खनचा सुभेदार असताना औरंगजेबाने १६५३ मध्ये येथे मुक्काम केला व नगरास औरंगाबाद हे नाव मिळाले. मोगल सुभ्याचे केंद्र झाल्यामुळे किमखाब, मशरू व हिमरू या वस्त्रांना दरबारी मंडळी, सरदार आणि व्यापारी यांचा मोठा ग्राहकवर्ग लाभला.

निजाम अलीच्या काळात, १७६३ मध्ये, आसफजाही राजधानी औरंगाबादहून हैदराबादला गेली. राजधानी गेली तरी शहर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच होते. हैदराबादच्या उमराव घराण्यांत हिमरूची शेरवानी प्रतिष्ठेची मानली जात असे, त्यामुळे औरंगाबादच्या मागांना मागणी राहिली आणि हैदराबाद येथेही हे विणकाम चालू झाले. संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर दरबारी पोशाखाची प्रथा मागे पडली व हिमरूचा मुख्य आश्रय संपुष्टात आला. त्यानंतरच्या काळात अजिंठा व वेरूळ येथील लेणी पाहण्यासाठी येणारे पर्यटक हे या कापडाचे महत्त्वाचे ग्राहक झाले. शेरवानीच्या कापडाबरोबर शाली, पलंगपोस, पडदे व अभ्रे यांचे उत्पादन होण्यामागे हा बदल होता. शहरातील जाफर गेट व नवाबपुरा हे भाग हिमरूसाठी ओळखले जातात.

विणीची रचना

कोणत्याही विणलेल्या कापडात उभा धागा (ताणा) आणि आडवा धागा (बाणा) असे दोन संच असतात. हिमरूचा ताणा सुती असतो. साध्या सुती बाण्याने कापडाची भूमी विणली जाते आणि तिच्यात रेशमाचा जादा बाणा सोडून नक्षी उठवली जाते. हा जादा बाणा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो. नक्षीच्या जागी तो वर येऊन दिसतो. जेथे नक्षी नाही, तेथे तो पाठीमागे न बांधता सुटा राहतो. नक्षीत रंग जितके अधिक, तितके पाठीवरचे सुटे धागेही अधिक.

या रचनेचे तीन परिणाम होतात. पहिला, सुट्या धाग्यांच्या थरात हवा अडकून राहते, म्हणून कापड उबदार व जाडसर होते. दुसरा, रेशमाचा बराच भाग दर्शनी बाजूला दिसतच नाही; म्हणजे दिसणाऱ्या नक्षीच्या मानाने कापडास धागा पुष्कळ लागतो. तिसरा, पाठीवरील धागा कशातही अडकला तर तो ओढला जातो आणि त्याच ओळीतील पुढची नक्षी आक्रसते. शेरवानीला आतून अस्तर लावण्याच्या प्रथेमागे हेच कारण आहे.

पूर्वी नक्षीचा आराखडा 'जाला' या दोऱ्यांच्या जाळ्यात बांधून मागावर चढवला जात असे. माग चालवणाऱ्याचा सहायक त्यातील नेमके दोरे क्रमाने ओढी आणि त्यानुसार ताण्याचे धागे उचलले जात. फ्रान्समधील जोसेफ मारी जाकार याने १८०४ मध्ये छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांनी हेच काम करणारी यंत्रणा सिद्ध केली. जाकार यंत्रणा आल्यावर हातमागावरील सहायकाची गरज उरली नाही. पुढे याच यंत्रणेमुळे हिमरूसारखी नक्षी यंत्रमागावर विणणेही शक्य झाले.

जवळची वस्त्रे

हिमरू, मशरू व पैठणी ही तिन्ही वस्त्रे या परिसरात विणली गेल्यामुळे त्यांच्यात अनेकदा गल्लत होते. मशरूमध्ये ताणा रेशमी व बाणा सुती असतो आणि साटीन विणीमुळे वरच्या बाजूस रेशीम, तर अंगाला लागणाऱ्या बाजूस सूत येते. शुद्ध रेशीम अंगाला लागू नये, असा धार्मिक संकेत पाळणाऱ्या मुस्लिम पुरुषांना हे वस्त्र वापरता येत असे. पैठणीत पदराची नक्षी वेगवेगळ्या रंगांचे बाणे एकमेकांत गुंतवून विणतात, त्यामुळे मागे लांब सुटे धागे राहत नाहीत आणि दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात. पैठणीस २०१० मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले आहे. हिमरूची उलटी व सुलटी बाजू मात्र एका नजरेत वेगळी ओळखू येते.

नक्षी

हिमरूची नक्षी बहुधा कापडभर पसरलेली असते. वेली, फुले, बदामी कोयरी, डाळिंब, अननस, तसेच वर्तुळे, षटकोन व शंकरपाळी आकाराच्या चौकटी हे त्यातील नेहमीचे आकृतिबंध आहेत. पर्यटकांची वर्दळ वाढल्यानंतर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील कमळे, हंस इत्यादींवर आधारित नमुनेही विणले जाऊ लागले. लहान, दाट नक्षीत पाठीवरील सुटे धागे आखूड असतात. मोठ्या, विरळ नक्षीत ते लांब असतात. म्हणून रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी, उदाहरणार्थ अभ्रे, तक्के व दारावरील पडदे यांसाठी, दाट नक्षीचे कापड अधिक टिकाऊ ठरते.

पडदे म्हणून उपयोग

जागेची निवड

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी रेशीम पिवळसर पडते, त्याचा रंग उतरतो आणि धागा ठिसूळ होतो. सूत त्यामानाने ऊन अधिक सोसते. परिणामी उन्हात टांगलेल्या हिमरूत भूमी शाबूत राहून नक्षी झिजलेली दिसते. मराठवाड्यात एप्रिल व मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. अशा प्रदेशात पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या उघड्या खिडकीवर अस्तराविना हिमरू लावणे योग्य नाही. उत्तरेची खिडकी, दोन खोल्यांमधील दार, देवघराचा किंवा कोनाड्याचा पडदा या त्याच्यासाठी सुरक्षित जागा होत.

उन्हाळ्यात उष्णता अडवण्यासाठी या भागात वाळ्याचे ओले पडदे किंवा बांबूच्या चिका खिडकीबाहेर लावण्याची जुनी पद्धत आहे. चीक बाहेर आणि हिमरू आत अशी जोडी करता येते. वाळ्याच्या ओल्या पडद्याला मात्र हिमरूचा स्पर्श होता कामा नये, कारण ओलाव्याने रंग फुटतो व डाग पडतात.

अस्तर

हिमरूच्या पडद्याला अस्तर दुहेरी कारणाने लागते. ते ऊन अडवते आणि पाठीवरील सुटे धागे झाकते. अस्तरासाठी घट्ट विणीचे, न रंगवलेले सुती कापड चांगले. ते आधी पाण्यात भिजवून, वाळवून आटवून घ्यावे लागते. अन्यथा पुढे ते आटून पडदा खालून आखडतो. अस्तर चारही बाजूंनी पक्के न शिवता खालची कड मोकळी ठेवली, तर दोन्ही कापडांना आपापल्या ओढीने लोंबता येते.

पडद्याला धातूच्या गोल कड्या ठोकण्यासाठी कापडाला भोके पाडावी लागतात. हिमरूमध्ये त्या भोकांपाशी जादा बाणा तुटतो व नक्षी उसवू लागते. त्यापेक्षा वरच्या कडेस अस्तरासह चुण्यांची पट्टी शिवणे किंवा कापडी फासे लावणे हितावह असते. कापलेली प्रत्येक कड लगेच दुमडून शिवावी लागते. शक्य तेथे मूळ काठ तसाच ठेवतात, कारण तेथे बाण्याचा धागा वळून परतलेला असतो व तो सुटत नाही.

मापे

पातळ कापडाच्या पडद्यास दांडीच्या लांबीच्या दुप्पट रुंदी घेण्याचा प्रघात आहे. हिमरू जाड असल्याने व फार चुण्यांत नक्षी हरवत असल्याने दीडपटीच्या आसपास रुंदी पुरते. उदाहरणार्थ, ४ फूट रुंदीच्या खिडकीवर दोन्ही बाजूंस ६ इंच वाढवून ५ फुटांची (६० इंचांची) दांडी घेतली, तर ४५ इंच पन्ह्याचे दोन भाग मिळून ९० इंच रुंदी होते. चार उभ्या कडांना दीड-दीड इंच दुमड धरली की ८४ इंच उरतात, म्हणजे दांडीच्या १.४ पट. ७ फूट उंचीच्या पडद्यास वरची व खालची दुमड मिळून १० इंच धरल्यास प्रत्येक भागास ९४ इंच कापड लागते. मात्र नक्षी दर १२ इंचांनी पुन्हा येत असेल, तर दोन्ही भागांवर ती एकाच उंचीवर जुळण्यासाठी ९६ इंच धरावे लागतात. असे दोन भागांना १९२ इंच, म्हणजे सुमारे ४.९ मीटर कापड होते. नक्षीची पुनरावृत्ती न मोजता आणलेले कापड कमी पडते, आणि हातमागावर तोच रंग व तीच नक्षी पुन्हा मिळण्याची खात्री नसते.

पारख

'हिमरू' या नावाखाली हातमागी, यंत्रमागी आणि छापील अशी तिन्ही प्रकारची कापडे विकली जातात. यंत्रमागी कापड वापरण्यात गैर काही नाही; हातमागाच्या किमतीस ते विकले जाणे ही अडचण आहे. पुढील खुणांनी फरक ओळखता येतो.

पाठ: छापील कापडाच्या पाठीवर सुटे धागे नसतात, केवळ फिकट रंग दिसतो. काही यंत्रमागी कापडांत सुटे धागे कातरून टाकलेले असतात व नक्षीच्या कडेला तुटक टोके दिसतात. विणलेल्या हिमरूत पाठीवर धाग्यांची सलग ओळ दिसते.

काठ: हातमागावर कापड ताणून धरण्यासाठी कडांना टोकदार पट्टी लावतात. तिची बारीक भोके दोन्ही काठांवर ठरावीक अंतराने आढळतात. हातमागाचा काठ किंचित कमी-अधिक असतो.

वीण: हातमागी कापडात बाण्याची ठोक सर्वत्र अगदी सारखी नसते. काही ठिकाणी नक्षी केसभर लांबट, काही ठिकाणी आखूड दिसते. हा दोष मानला जात नाही.

धागा: कापलेल्या कडेतून नक्षीचा एक धागा काढून जाळल्यास खरे रेशीम जळत्या केसांसारखा वास देते व त्याची राख बोटांनी चुरडता येते. सूत आणि व्हिस्कोस रेयॉन जळत्या कागदासारखा वास देतात. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ही चाचणी दुकानदाराच्या संमतीने, भांड्यावर चिमट्यात धागा धरून करतात. आजच्या पुष्कळ हिमरूत रेशमाऐवजी रेयॉन वापरले जाते. त्याची निगा वेगळी असल्याने धागा कोणता आहे हे खरेदीच्या वेळीच जाणून घेणे उपयुक्त ठरते.

हातमागावरील उत्पादनासाठी भारत सरकारने २००६ पासून 'हँडलूम मार्क' हे चिन्ह सुरू केले आहे. ते असल्यास ग्राहकाचे काम सोपे होते.

निगा

धूळ

पडद्याचा मोठा शत्रू धूळ होय. सुट्या धाग्यांमध्ये बसलेले धुळीचे कण प्रत्येक हालचालीबरोबर रेशमाला घासतात. आठवड्यातून एकदा पडदा हलक्या हाताने झटकणे, किंवा धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या तोंडाला पातळ जाळी बांधून कमी वेगाने वरून खाली फिरवणे पुरेसे असते. काठीने बडवल्यास धागे तुटतात. नियमित धूळ काढल्यास धुण्याची वेळ क्वचित येते.

धुलाई

पाण्यात भिजल्यावर सूत आटते, रेशीम त्या मानाने कमी आटते. एकाच कापडात दोन्ही असल्याने पहिल्या धुण्यात भूमी आक्रसून नक्षी फुगल्यासारखी दिसण्याचा धोका असतो. रेयॉनचा धागा ओला असताना निम्म्याच्या आसपास बळ गमावतो, त्यामुळे पिळल्यास तो तुटतो. या कारणांनी जुन्या, भारी किंवा अनेक रंगांच्या हिमरूची कोरडी धुलाई करून घेणे श्रेयस्कर मानतात. त्यातील द्रावणाने धागे फुगत नाहीत.

घरी धुवायचे असल्यास प्रथम कोपऱ्याचा भाग ओला करून त्यावर पांढरे सुती फडके दाबावे व रंग उतरतो का ते पाहावे. रंग उतरल्यास घरी धुणे टाळावे. सोडा व कपड्यांचा तीव्र साबण अल्कधर्मी असल्याने सूत ते सोसते, रेशीम सोसत नाही. क्लोरीनयुक्त विरंजकाने तर रेशीम विरघळते. रिठ्याचे गाळलेले पाणी किंवा रेशमासाठीचा सौम्य द्रव साबण यासाठी योग्य असतो. छत्रपती संभाजीनगर शहराला पैठणच्या जायकवाडी धरणाचे (नाथसागराचे) पाणी मिळते, परंतु अनेक वसाहतींत विंधन विहिरींचे जड पाणीही वापरले जाते. जड पाण्यात साबणाचा न विरघळणारा साका तयार होऊन तो सुट्या धाग्यांत अडकतो. म्हणून अशा ठिकाणी धुण्यासाठी मऊ पाणी वापरणे चांगले.

कापड थंड पाण्यात काही मिनिटेच ठेवून, न घासता, न पिळता हलवून काढतात. नंतर जाड पंचात गुंडाळून पाणी टिपतात व सावलीत चादरीवर सपाट पसरून वाळवतात. ओले कापड दोरीवर टांगल्यास स्वतःच्या वजनाने ताणले जाते. हाताळताना अंगठ्या व बांगड्या काढून ठेवण्याची काळजी घेतली जाते. इस्त्री उलट्या बाजूने, मध्यम उष्णतेवर, मध्ये सुती कापड ठेवून करतात. इस्त्रीचे टोक सुट्या धाग्यांत घुसू नये म्हणून ती सरकवण्याऐवजी दाबून उचलतात.

साठवण

रेशीम हे प्राणिज तंतू असल्याने कपडे खाणाऱ्या पतंगांच्या अळ्या ते खातात, तर कसर ही सूत, रेयॉन व विशेषतः खळीवर येते. त्यामुळे साठवणीतील हिमरूला खळ करत नाहीत. न धुतलेल्या कापडावरील घाम व अन्नाचे डाग कीटकांना आकर्षित करतात. कापड पूर्ण कोरडे करून धुतलेल्या जुन्या मऊ सुती वस्त्रात बांधून ठेवतात. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडून बुरशी येते. वाळलेली कडुनिंबाची पाने पुरचुंडीत ठेवण्याची प्रथा आहे, परंतु खरे संरक्षण वेळोवेळी उघडून पाहण्याने होते. डांबराच्या गोळ्या ठेवल्यास त्या कापडाला लागू देत नाहीत. दर तीन-चार महिन्यांनी सावलीत वारा देऊन घडीच्या जागा बदलतात, कारण रेशीम एकाच घडीवर चिरते. मोठे पडदे शक्यतो नळीवर, नक्षीची बाजू बाहेर ठेवून गुंडाळतात.

दुरुस्ती

ओढला गेलेला सुटा धागा कापून टाकणे ही सर्वांत नेहमीची चूक होय. कापलेला धागा दोन्ही बाजूंनी सुटत जातो व दर्शनी नक्षीत रिकामी जागा पडते. असा धागा बोथट सुईने थोडा थोडा मूळ जागी सरकवतात. तो परत जात नसेल तर पाठीवर बारीक टाक्याने अस्तराशी अडकवतात. विरलेल्या भागाखाली त्याच रंगाचे सुती कापड लावून आधार देता येतो.

सद्यःस्थिती

हातमागी हिमरू विणणारे कारागीर आता थोडे उरले आहेत. जाला बांधण्याची विद्या जाणणारे त्याहून कमी आहेत. यंत्रमागाशी किमतीत स्पर्धा करणे हातमागाला शक्य नसल्याने ग्राहकाने फरक ओळखणे हाच त्याचा मुख्य आधार राहिला आहे.

पुनरुज्जीवनाचे उल्लेखनीय काम हैदराबाद येथे सुरैया हसन बोस (निधन २०२१) यांनी केले. त्यांनी आपल्या विणकाम केंद्रात हिमरू, मशरू, पैठणी व जामावार यांचे विणकाम चालू ठेवले, अनेक विधवा स्त्रियांना ही कला शिकवली आणि जुन्या नमुन्यांवरून मागे पडलेली नक्षी पुन्हा विणून घेतली.

या अनुभवामुळे घरोघरी असलेल्या जुन्या हिमरूला वेगळे मोल आहे. जाला मोडला की त्यावरची नक्षीही जाते; ती उरते ती केवळ विणलेल्या कापडात. प्रत्येक रंगाचा धागा कोठून कोठे गेला, हे पाठीची बाजू पाहून जाणकार विणकर वाचू शकतो आणि त्यावरून आराखडा पुन्हा मांडू शकतो. म्हणून विरलेला पडदा किंवा फाटलेली शाल टाकून देण्यापूर्वी तिच्यातील नक्षीची एक पूर्ण पुनरावृत्ती, काठासह व पाठीचे धागे न कातरता, राखून ठेवणे हे त्या नक्षीच्या दृष्टीने जतनच ठरते.